नाताळ आला, पण मनात आनंद नाही

पत्र:

"मी 44 वर्षांची, जन्मापासून ख्रिस्ती. चर्चमधल्या मुलांची नाताळची नाटिका आणि कॅरोल गाणाऱ्यांचा सराव बरीच वर्षं माझ्याच अंगावर आहे. मार्चमध्ये माझे वडील गेले. आता नाताळ तीन आठवड्यांवर आलाय आणि मला कशातच रस वाटत नाही. गाणी सुरू झाली की रडू फुटतं. आई म्हणते, 'सणासुदीला रडायचं नसतं, मुलांचा हिरमोड होतो.' कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, '25 डिसेंबर ही मुळात रोमन लोकांच्या सूर्यदेवाची तारीख. बायबलमध्ये ती कुठेच नाही. मग एवढा आटापिटा कशासाठी?' मला तिला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर आपण नेमकं काय साजरं करतो, हे मलाच कळेनासं झालंय. सगळ्यांना आनंद होतो आणि मला होत नाही, म्हणजे माझी श्रद्धा संपली का? नाताळचा आध्यात्मिक अर्थ काय, ते सांगाल?"

उत्तर:

ताई,

आधी तुमच्या एका वाक्याला हरकत घेते. 'सगळ्यांना आनंद होतो.' हे कुणी सांगितलं? चर्चच्या बाकांवर बसलेल्यांपैकी कुणाचं लग्न मोडायला आलेलं असतं, कुणाच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा असतो, कुणी सख्ख्या भावाशी बोलणं टाकून वर्ष उलटलेलं असतं. आणि ही सगळी माणसं तोंडाने 'हर्ष करा' गात असतात. त्यांच्यातल्या कुणाला तुमच्याकडे पाहून वाटतही असेल, हिचं बरं आहे, किती हौसेने गाणी बसवते.

आता मूळ प्रश्न. नाताळाबद्दल ख्रिस्ती श्रद्धेचं म्हणणं थोडक्यात असं आहे: देव माणूस झाला. देवाने कुणा निरोप्याला पाठवलं असं नाही. एक थोर पुरुष जन्माला आला आणि मागाहून लोक त्याला देव मानू लागले, असंही नाही. ज्याने सगळं निर्माण केलं तोच एका तरुण मुलीच्या पोटात वाढला, रडत जन्माला आला, त्याला दूध पाजावं लागलं, कपड्यात गुंडाळावं लागलं. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत, तारा नाही. तिथे एवढंच येतं की शब्द, म्हणजे देवाचा पुत्र, देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. धर्मशास्त्रात याला देहधारण म्हणतात, आणि नाताळ हा देहधारणाचा सण आहे. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं.

हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते कानावरून निघून जातं. म्हणून कॅथलिक उपासनेतली एक बारीकशी गोष्ट सांगते. रविवारच्या मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनेत, निकेयाचा मतांगीकार (श्रद्धेची जुनी कबुली) म्हणताना, तो मरियेपासून देह धारण करून माणूस झाला, ह्या ओळीपाशी लोक वर्षभर नुसते लवतात. नाताळच्या मिस्साला मात्र त्याच ओळीपाशी सगळे गुडघे टेकतात. मरियेला देवदूताचा निरोप मिळाला त्या 25 मार्चच्या सणालाही असंच करतात. गाणी, घंटा, रोषणाई सगळं चालू असताना मधेच अख्खी सभा खाली जाते आणि पुन्हा उठते. क्षणभराचाच प्रकार. तुम्ही कोणत्या पंथाच्या हे पत्रावरून कळत नाही, पण नाताळचा अर्थ कुठे आहे असं मला कुणी विचारलं तर मी त्या क्षणाकडे बोट दाखवते. तिथे कुणी कुणाला 'तुला आतून काय वाटतंय' असं विचारत नाही. घडलेल्या गोष्टीपुढे गुडघे टेकायचे असतात, आणि ते रडतानाही टेकता येतात.

देव माणूस झाला तो कशासाठी? मत्तयाच्या शुभवर्तमानात देवदूत मरियेच्या पतीला, योसेफाला, स्वप्नात सांगतो, की हा आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. पश्चिमेकडच्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चनी, ह्या उत्तरावर जोर दिला: माणूस देवापासून तुटला होता, त्याला परत आणायला देव स्वतः आला. पूर्वेकडच्या मंडळ्या ह्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट ठासून सांगतात. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांनी लिहिलं, की देव माणूस झाला तो माणसाला देवाच्या जीवनात वाटा मिळावा म्हणून. दोन्ही उत्तरांची दिशा एकच आहे. माणूस वर चढून देवापर्यंत गेला नाही, देव खाली उतरला.

त्याच शतकात एक वाद झाला. तो पुस्तकी वाटेल, पण तुमच्या पत्राशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे. अपोलिनारियस नावाच्या बिशपचं म्हणणं असं, की ख्रिस्ताने शरीर माणसाचं घेतलं, पण माणसाचं मन घेतलं नाही. मनाच्या जागी देवाचा शब्दच होता. हेतू बहुधा चांगला होता. माणसाचं मन गोंधळतं, घाबरतं, खचतं. असलं मन देवाला कशाला चिकटवायचं? नाझियान्झसचे ग्रेगरी यांनी त्याला उत्तर दिलं, की ख्रिस्ताने जे स्वतःवर घेतलं नाही ते बरंही झालं नाही. मन घेतलं नसेल तर आपली मनं तशीच आजारी राहिली. मंडळीने ग्रेगरींची बाजू उचलून धरली.

मन घेतलं म्हणजे शोकही घेतला. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला, असं योहान लिहितो. थोड्याच वेळात आपण ह्या माणसाला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला. आईंना वाद न घालता योहानाचा अकरावा अध्याय वाचून दाखवा. आणि मुलांच्या हिरमोडाचं म्हणाल तर आजोबांसाठी आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून मुलांचं काही बिघडत नाही. आजोबांचं नाव कुणी काढतच नाही, हे मात्र मुलांना बरोबर कळतं. आईंचं स्वतःचं दुःखही ह्या 'रडायचं नसतं'खाली दडलेलं असेल. त्यांचा तर जोडीदार गेलाय. मला वाटतं, त्या तुम्हाला दटावत नाहीत, स्वतःला सावरतायत.

वडिलांच्या जाण्याचा आणि नाताळचा आणखी एक धागा आहे, आणि गाण्यांच्या गडबडीत तो सहसा कुणी हाती घेत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलंय, की लेकरं रक्तमांसाची होती म्हणून तोही रक्तमांसाचा झाला. कशासाठी, तर मरणाच्या द्वारे मरणाची सत्ता मोडावी म्हणून. म्हणजे गव्हाणीतल्या त्या बाळाला देह मिळाला तो मरू शकणारा देह होता, आणि तेच अपेक्षित होतं. ऑर्थोडॉक्स परंपरेतली ख्रिस्तजन्माची चित्रं पाहिली आहेत का? बाळ एका काळ्या गुहेत ठेवलेलं असतं, पट्ट्यांत असं आवळून गुंडाळलेलं की प्रेताला गुंडाळल्यासारखं दिसावं, आणि गव्हाणी पेटीसारखी, दगडी शवपेटीसारखी. चित्रकाराच्या हातून ते चुकून झालेलं नाही. ही गुहा आणि पुनरुत्थानानंतरची येशूची रिकामी कबर एकाच कथेच्या दोन टोकांना आहेत, हे त्याला दाखवायचं असतं. तुमच्या वडिलांबद्दल तुम्हाला जी काही आशा आहे, पुनरुत्थानाची, पुन्हा भेटण्याची, ती नाताळपासून सुरू होते. म्हणून ह्या वर्षी त्यांची आठवण तुमच्या सणाच्या आड येते असं समजू नका. कदाचित ह्याच वर्षी तुम्ही सणाच्या मुळाशी पोचताय.

त्याच चित्रात खाली कोपऱ्यात योसेफ असतो. तो बाळाजवळ नसतो. सगळ्यांपासून दूर, पाठमोरा किंवा वळलेला, हाताला डोकं टेकून बसलेला. वर देवदूत गातायत, मेंढपाळ वर पाहतायत, ज्ञानी लोक भेटी घेऊन येतायत आणि हा गृहस्थ चिंतेत. बऱ्याच चित्रांत त्याच्यासमोर एक म्हातारा उभा असतो. तो त्याच्या मनात शंका घालणारा आहे असा अर्थ लावतात. शतकानुशतकं हीच मांडणी चालत आलीय आणि योसेफाला तिथून कुणी हाकललं नाही. तो पवित्रच राहिला, चित्रातही राहिला. श्रद्धा संपली का असं तुम्ही विचारता, त्यावर मला ह्याहून चांगलं उत्तर सुचत नाही.

खुद्द लूकच्या शुभवर्तमानातला जन्माचा वृत्तांत वाचा, तोही काही गोडगोड नाही. सुरुवात होते ती ऑगस्टस कैसराच्या हुकमाने: खानेसुमारी आहे, आपापल्या गावी जाऊन नाव नोंदवा. दिवस भरत आलेल्या बाईला घेऊन प्रवास. उतरायला जागा नाही, म्हणून बाळ जनावरांच्या गव्हाणीत. पुढे मंदिरात अर्पण द्यायची वेळ येते तेव्हा लूक पारव्यांच्या जोडीचा, कबुतराच्या पिल्लांचा उल्लेख करतो. लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नियम आहे: बाळंतिणीने कोकरू द्यावं, ऐपत नसेल तर दोन पक्षी चालतील. लूक 'ते गरीब होते' असं कुठे म्हणत नाही, फक्त पक्षी सांगतो आणि पुढे जातो. आणि त्याच मंदिरात म्हातारा शिमोन बाळाला हातात घेऊन देवाची स्तुती करतो आणि लगेच मरियेला सांगतो, की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. आनंद आणि तलवार एकाच म्हाताऱ्याच्या तोंडी आहेत.

मंडळीच्या दिनदर्शिकेनेही हे झाकलेलं नाही. पश्चिमेकडच्या परंपरेत 25 डिसेंबरच्या दुसऱ्याच दिवशी, 26ला, दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाचा स्मरणदिन येतो. 28ला हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा, आणि त्या दिवशी आपल्या लेकरांसाठी रडणारी, सांत्वन नाकारणाऱ्या राहेलचा बायबलमधला उतारा वाचला जातो. म्हणजे नाताळच्या आठवड्यात रडणाऱ्या बाईला जागा द्यायची सोय फार पूर्वीच करून ठेवलेली आहे.

आता मुलीकडे वळू. तिचं अर्धं म्हणणं आधी मोकळेपणाने मान्य करा: बायबलमध्ये तारीख नाही. पहिल्या काही पिढ्यांना तिचं महत्त्वही वाटलेलं दिसत नाही. त्यांचा मोठा सण होता पुनरुत्थानाचा. सन 200च्या आसपास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा ख्रिस्ती लेखक येशूच्या जन्माबद्दलच्या वेगवेगळ्या तारखा नोंदवतो, त्यांत मे महिन्यातली एक आहे, 25 डिसेंबर नाही. त्याच्यानंतरचा ओरिजेन तर म्हणाला, की बायबलमध्ये वाढदिवस साजरे करतात ते फारो आणि हेरोद, संत नव्हेत. (हे मुलीला नक्की आवडेल.) 25 डिसेंबरची सर्वांत जुनी पक्की नोंद रोममध्ये 354 साली तयार झालेल्या एका संग्रहात सापडते, तिच्यामागची यादी 336 सालची असावी असं मानतात.

सूर्यदेवाचं काय? सम्राट ऑरेलियनने 274 साली रोममध्ये 'अजिंक्य सूर्या'चं मंदिर उभारलं हे खरं. पण 25 डिसेंबर हा त्या सूर्याचा जन्मदिवस, ही सर्वांत जुनी नोंदसुद्धा 354च्या त्याच संग्रहात आहे. तेव्हा कुणी कुणाची तारीख उचलली हे छातीठोकपणे सांगता येत नाही. दुसरं एक मत असं आहे, की येशूचा वधस्तंभावरचा मृत्यू आणि त्याची गर्भधारणा एकाच तारखेला, 25 मार्चला, झाली असं काही जुन्या ख्रिस्ती लोकांनी मानलं आणि तिथून नऊ महिने मोजले. अभ्यासकांत एकमत नाही. आर्मेनियन मंडळी आजही 6 जानेवारीला ख्रिस्तजन्म पाळते, आणि जुनं ज्युलियन कॅलेंडर धरून चालणाऱ्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा 25 डिसेंबर आपल्या 7 जानेवारीला येतो. कुणाचाही देहधारणावरचा विश्वास त्यामुळे डळमळलेला नाही. तारीख माणसांनी ठरवली, एवढंच.

आणखी एक गोष्ट तिच्या कानावर घाला. इंग्लंडच्या संसदेने 1647 साली नाताळ पाळणं बंद केलं. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत 1659 साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला, तो 1681 साली उठला. हे करणारे नास्तिक नव्हते, कडवे ख्रिस्ती होते. आणि त्यांचा आक्षेप बराचसा तुमच्या मुलीचाच होता: शास्त्रात नाही, मूर्तिपूजकांकडून आलंय, आणि लोक धिंगाणा घालतात. मला त्यांचा मार्ग पटत नाही. पण श्रद्धेपोटीही माणूस हे प्रश्न विचारू शकतो, एवढं त्यावरून कळतं. मुलगी तारखेबद्दल विचारतेय खरी. मला मात्र तिच्या प्रश्नातला शेवटचा शब्द जास्त ऐकू येतो, आटापिटा. तिने दरवर्षी नाताळच्या आदल्या रात्री दमून चिडलेली आई पाहिली असणार.

म्हणून आता करायचं काय, ते.

नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. ज्या मंडळ्या तो पाळतात त्यांच्यात ह्या काळाचा रंग जांभळा, पश्चात्तापाचा आणि वाट पाहण्याचा. ऑर्थोडॉक्स लोक तर चाळीस दिवस उपास करतात. ह्या दिवसांत आनंदी दिसायची अपेक्षाच नाही. आहे ती फक्त 'प्रभू, ये' असं म्हणायची, पहिल्या येण्याची आठवण ठेवून दुसऱ्या येण्याकडे डोळे लावायची. दुकानांनी नोव्हेंबरातच सण सुरू केला म्हणून आपणही करायला हवा असं नाही. तुमचं आत्ताचं मन आगमनकाळाला अगदी साजेसं आहे. रोज रात्री थोडंसं वाचा: मत्तयाचे पहिले दोन अध्याय, लूकचे पहिले दोन. चारच अध्याय आहेत, पुन्हा पुन्हा वाचून होतील. मत्तयाची वंशावळ लोक ओलांडून जातात, तुम्ही ओलांडू नका. तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको ह्या चौघींची नावं किंवा उल्लेख तिथे का आले असतील, ह्यावर मुलीशी बोला. तारखेच्या वादापेक्षा तिला त्यात जास्त रस वाटेल. आणि मत्तय 'देव आपल्याबरोबर' ह्या वचनाने सुरुवात करून शेवटच्या ओळीत पुन्हा त्याच वचनावर येतो, हेही तिला शोधू द्या.

प्रार्थना जमत नसेल तर मरियेचं स्तोत्र मोठ्याने म्हणा. लूकच्या पहिल्याच अध्यायात आहे. दुसऱ्याचे शब्द उसने घ्यायला काही हरकत नाही. त्यात उपाशी लोक तृप्त होतात आणि सत्ताधारी सिंहासनावरून खाली येतात. वाचून झाल्यावर ज्याच्याकडे ह्या नाताळला कुणी फिरकणार नाही असं एखादं घर आठवलं तर तिथे जाऊन या, जमलं तर आईंना घेऊन. 25 तारखेच्या उपासनेत दाराजवळच्या बाकावर बसा. रडू आवरेना झालं तर बाहेर जा, परत या. पाळकांना किंवा फादरांना आधीच सांगून ठेवा, वडिलांच्या नावाने प्रार्थना करायला त्यांना आवडेल. आणि सण एका दिवसात आटपत नाही, परंपरेने तो 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो. 25ला काही वाटलं नाही तर घाई नाही. ह्या सगळ्यात झोप, भूक, रोजची कामंसुद्धा जमेनाशी झाली असतील तर मात्र डॉक्टरांना भेटा. ते श्रद्धा कमी पडल्याचं लक्षण नाही.

राहिली नाटिका आणि कॅरोल. दोन्ही एकटीने अंगावर घेऊ नका. 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावात जो नाताळ केला त्यात गव्हाणी होती, गवत होतं, एक बैल आणि एक गाढव होतं. तिथेच मिस्सा झाला आणि फ्रान्सिसने शुभवर्तमान गायलं. आज आपण गोठे मांडतो त्या प्रथेला सगळ्यांत मोठी चालना तिथून मिळाली असं मानतात, आणि त्यासाठी पडदे, पोशाख, तीन आठवड्यांचा सराव काही लागलं नव्हतं. गाण्यांनी तुम्हाला रडू येतं, तेव्हा सराव दुसऱ्या कुणाला द्या. मुलांची नाटिका ठेवायची असेल तर ठेवा, पण ह्या वर्षी ती मुलीला लिहू द्या, तिच्या शंकांसकट, योसेफाला बाजूला बसवून. सराव सोडल्याचं मंडळाला ह्याच रविवारी सांगून टाका. तीन आठवडे आहेत, गाणारं कुणीतरी मिळेलच.